परक्या वेलीची बगलफूट

परदेशात शिकायला गेलेल्या माणसाने एखादा रविवार एकट्याने शहर बघत हिंडायचं असतं, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मी उत्तर इटलीत तीन महिने द्राक्षवेलींची कलमं बांधायला शिकून आले, तर आमच्या नाशिकच्या कॉलनीत कलमांबद्दल एकीनेही विचारलं नाही. "एकट्या फिरलात का हो कुठे? कसं वाटलं?" एवढंच. उत्तराला तोंड उघडावं, तोवर समोरून फोन पुढे येतो. भाचा तिकडे गेला होता तेव्हाचे फोटो. भाचा पुतळ्यासमोर, भाचा पुलावर, भाचा आइस्क्रीम धरून. त्या भाच्यालाही काय वाटलं ते कोणी विचारलेलं नसतं.

मी फिरले. एकच दिवस फिरले. त्या दिवसापायी माझा अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटायची वेळ आली होती. ते फोटोत आलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. माझं माहेर चांदवडकडचं, कांदेवाल्यांचं. लग्न होऊन आले ती द्राक्षवाल्यांच्या घरात. शेतीची पदवी आहे, आणि बारा वर्षं नाशिकजवळच्या एका रोपवाटिकेत नोंदी ठेवण्याचं काम करते. कुठली काडी कुठल्या वेलीवरून आली, कधी लावली, जगली की मेली, हे सगळं माझ्या वह्यांत असतं. मालकांनी एक माणूस इटलीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की एखादा तिशीतला गडी जाईल. मालक म्हणाले, "ताईच जातील. गडी तिकडून फोटो आणील, ताई वह्या आणतील." अट एकच होती. अभ्यासक्रम पुरा करायचा आणि तिथल्या शाळेचा प्रतिकूल शेरा न घेता परत यायचं. तसं झालं तर नवा कलम विभाग माझ्याकडे. नाही झालं, तर माझ्याच टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या गृहस्थांकडे. ते चार वर्षं त्याची वाट बघत होते आणि दुसरं काहीही करत नव्हते.

माझ्या दिरांनी विमानतळाच्या वाटेवरच निकाल सांगून टाकला. "वहिनी पंधरा दिवसांत परत. तिथं चहाच मिळत नाही."

चहा मिळत होता. वाईट होता, पण त्यासाठी कोणी परत येत नाही.

पहिल्या दिवशी आमच्या प्राध्यापकबाईंनी एक नियम सांगितला. बाई साठीच्या, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम छाटणीची कात्री. म्हणाल्या, "परवानगीशिवाय कुठल्याही वेलीला हात लावायचा नाही. शाळेची असो, रस्त्यावरची असो. एका वेलीचा रोग हातावरून दुसरीला जातो. मागे एकाला तिसऱ्या आठवड्यात घरी पाठवलं आहे." मी ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

सहाव्या आठवड्यापर्यंत मी एकदाही शहरात गेले नव्हते. शाळा शहराबाहेर होती आणि माझं काम शाळेत होतं. माझ्या खोलीत चिलीची एक तेवीस वर्षांची मुलगी होती. तिला हे बघवेना. "शहर एकटीने अनुभवायचं असतं," ती म्हणायची. म्हणजे काय करायचं, ते तिला सांगता यायचं नाही. हवेत हात फिरवायची. तिच्या तोंडून रोज तेच ऐकण्यापेक्षा एक रविवार देऊन टाकलेला बरा, असं मी ठरवलं आणि शनिवारी यादी केली. चौदा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, चालायचं अंतर, आणि शेवटी एक चौकोन, झालं की खूण करायला.

जूनचा दुसरा आठवडा होता. सकाळी आठच्या बसने निघाले. बसमध्ये तिकीट विकत घेऊन भागत नाही, ते पुन्हा एका डबीत घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. का, ते विचारलं तर चालकाने खांदे उडवले. त्या देशात खांदे उडवणं हे उत्तर समजतात.

शहर लोक म्हणतात तसंच होतं, त्याचंच मला नवल वाटलं. फोटोत असतं त्याहून एक वीटही जास्त नाही. मोठ्या चौकात घोड्यावर बसलेला एक पुरुष होता. तो कोण, ते पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं. मी वाचलं, खूण केली आणि विसरले. त्याच्यासमोर तीसेक माणसं रांगेने उभी राहून एकाच जागेवरून एकच फोटो काढत होती. तो फोटो तिथेच दुकानात छापील मिळतो आणि जास्त बरा असतो. एक मनोरा होता, त्याला तीनशेच्या वर पायऱ्या. वर गेल्यावर खालची घरं दिसतात. खाली असतानाही दिसत होती.

चर्चच्या दारात एक माणूस उघडे खांदे असलेल्या बायकांना थांबवून कागदाची शाल देत होता. परदेशी पोरी त्या निळ्या कागदात गुंडाळून, दवाखान्यात तपासणीला आल्यासारख्या आत जात होत्या. माझी ओढणी बघून त्याने मान तुकवली. दिवसभरात त्या शहराचं आणि माझं एकमत झालं ते तेवढंच.

संग्रहालयात एका खोलीत नुसत्या फुटक्या घागरी होत्या. काचेत ठेवलेल्या, खालून दिवा. आमच्याकडे घागर फुटली की कोंबड्यांना पाणी ठेवतात. माझ्याशेजारी एक बाई एका घागरीपुढे इतका वेळ उभी होती, की मी मुद्दाम पुढे होऊन बघितलं, मला काही दिसायचं राहिलं असेल म्हणून. राहिलं नव्हतं.

एक वाजेपर्यंत माझी दहा ठिकाणं झाली. आणि एक वाजता ते शहर बंद झालं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाशकातही दुपारी दुकानदार पेंगतो, पण गल्ल्यावर बसून पेंगतो. गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडतो. इथे शटर खाली, कुलूप, वर पाटी. साडेतीनपर्यंत. माझी चार ठिकाणं राहिली होती आणि चारही जेवायला गेली होती. दोनदा फिरून बघितलं. रस्त्यात माझ्याशिवाय फक्त कबुतरं होती.

तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन आला. तिकडे साडेचार वाजलेले. ती मळ्यात होती. मागे बायकांचे आवाज येत होते.

"ताई, काय चाललंय? हिंडताय का?"

"हिंडले. दहा झाली, चार राहिली."

"काय चार?"

"ठिकाणं. बंद आहेत."

"आवडलं का पण?"

"त्याचा रकाना केला नव्हता."

ती मागे तोंड करून कोणाला तरी म्हणाली, "ऐका गं, ताई तिकडं तपासणीला गेल्यात." आणि बायका हसल्याचं मला ऐकू आलं. मग मला म्हणाली, "तुमचं काय हे. देवळात गेल्या तरी घंटा मोजून वाजवता. लय दिवसांनी मोकळ्या झाल्या, बसा की कुठंतरी गुमान. पाय लांब करून. इथं आमची कंबर गेली बगलफूट काढून काढून."

बगलफूट म्हणजे वेलीच्या पानाच्या बगलेतून निघणारी जादा फूट. ती वाढू दिली की वेलीचा जोर तिच्यात जातो आणि मुख्य काडी बारीक राहते. म्हणून ती कोवळी असतानाच अंगठ्याने दाबून मोडायची. द्राक्षाच्या घरात आलेल्या सुनेला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी हे दाखवतात. आणि आमच्याकडे हे काम फक्त आपल्याच मळ्यात करायचं नसतं. पाहुणा म्हणून कोणाच्या मळ्यात गेलं, बांधावर उभं राहून बोलणं चाललं, की हात आपोआप वेलीकडे जातो. लग्न ठरवायला आलेली माणसं देण्याघेण्याचं बोलता बोलता यजमानाची अर्धी ओळ साफ करतात. दहाव्याला आलेलेही करतात. त्याला परवानगी कोणी विचारत नाही. उलट हात बांधून उभा राहिला तर म्हणतात, हा कांदेवाला दिसतोय. माझ्या लग्नानंतर पहिलं वर्ष मला हेच ऐकावं लागलं, म्हणून मी ते जास्तच मन लावून शिकले.

जावेचं ऐकायचं ठरवलं. तासाभराच्या पायपिटीनंतर उघडं एकच ठिकाण सापडलं: जुन्या मठाचं अंगण. मठात आता साधू नव्हते, एक कचेरी होती आणि तीही बंद होती. अंगणाचं फाटक मात्र उघडं. मधोमध नळ, एक दगडी बाक, आणि भिंतीला लागून लाकडी मांडवावर चढवलेली एक द्राक्षवेल.

खोड माझ्या मांडीएवढं. वय शंभराच्या पुढे असावं. आणि निगा शून्य. इकडच्या फुटी तिकडे घुसलेल्या, बगलेतून टीचभर काड्या वर आलेल्या, पानांवर पानं. ज्या देशाने मला वेल कशी वाढवावी ते शिकवायला समुद्रापलीकडून बोलावलं, त्या देशाने आपली म्हातारी वेल भर शहरात अशी सोडली होती. फुटक्या घागरीला काच आणि दिवा, आणि जिवंत वेलीला कोणी विचारत नाही. मी बाकावर बसून ते दहा मिनिटं बघितलं. कमाल केली, दहा मिनिटं.

काही काड्यांना तांबड्या लोकरीचा दोरा बांधलेला होता. भिंतीवर पाटीही होती, पण इटालियनमध्ये. मी तिचा फोटो काढला, संध्याकाळी भाषांतर करून वहीत उतरवायची म्हणून. दोऱ्यांचा अर्थ मला पाटी न वाचताच कळला. वडाला सूत गुंडाळणाऱ्या गावात मी वाढले आहे. म्हटलं, इथेही आहेतच. एवढी संग्रहालयं, एवढी विद्यापीठं, आणि शेवटी मूल व्हावं म्हणून वेलीला दोरा. त्यातून वेलीचं काय व्हावं, याची फिकीर नवस बोलणाऱ्याला कुठेच नसते.

शाळेत आम्ही रोज काड्यांना खुणा करायचो. पण त्या प्लॅस्टिकच्या, आकडा छापलेल्या. लोकरीची खूण मी तोवर बघितली नव्हती. एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

मी उठले. पहिली फूट मोडली ती बघायला, की इथली साल आपल्यापेक्षा कडक आहे का. नव्हती. मग दुसरी. दोरा बांधलेल्या काड्यांपासून सुरुवात केली, कारण त्यावर फुटी सगळ्यात लांब होत्या. दोऱ्यांना धक्का लावला नाही. कोणाची श्रद्धा असेल, आपण कशाला मोडा. नियम मला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी स्वतःला म्हटलं, तो रोगापायी आहे आणि माझे हात चर्चमधून निघताना धुतलेले आहेत. इतकं भिकार कारण मी दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेतलं नसतं. मोडलेल्या फुटी जमिनीवर टाकल्या नाहीत. बाकावर पडलेलं वर्तमानपत्र पसरून त्यावर रचल्या, बुडखे एका बाजूला, सावलीत. चाळीस मिनिटांत मांडवाची ती बाजू अशी स्वच्छ झाली की पलीकडची भिंत दिसायला लागली. त्या दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

साडेतीनला कचेरी उघडायला पहारेकरी आला. सत्तरीचा असेल. गळ्यात किल्ल्या, मिशीला जेवणातलं काहीतरी. त्याने वेलीकडे बघितलं, मग बाकाकडे, मग माझ्याकडे. ओरडला नाही. खुर्ची शोधावी तसा मागे हात नेऊन भिंतीला टेकला. काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मग त्याने फोन काढला, त्यात बोलला, आणि फोनमधल्या भाषांतराच्या बाईने मला स्वच्छ हिंदीत सांगितलं, "यह बेल आपकी नहीं है."

मीही फोन काढला. आता, तासाभराने, पाटीचा फोटो भाषांतराला लावला. या जातीची शहरात उरलेली ही एकमेव ज्ञात वेल. दोरा बांधलेल्या काड्यांवरच्या बगलफुटी नवी रोपं करण्यासाठी वाढवल्या आहेत. कृपया हात लावू नये. खाली शाळेचं चिन्ह. आमच्याच शाळेचं.

पहारेकरी फोन करायला आत गेला.

फाटक उघडं होतं. चार दहाची बस होती, थांबा कोपऱ्यावर. त्याने माझं नाव विचारलं नव्हतं. मी हे सगळं डोक्यात मांडलं, हे कबूल करते. मांडायला मला फारसा वेळ लागत नाही. पण ओढणीवाली, चाळिशीतली, वेलीच्या फुटी बुडखे जुळवून रचणारी बाई त्या शाळेत एकच होती. पळून जाऊन मी मूर्ख होते ती भित्रीही ठरले असते. आणि डोळ्यांपुढे शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आले, खुर्ची थोडी माझ्या टेबलाकडे सरकवून बसलेले.

मग मी जे येतं ते केलं. नळावर ओढणी भिजवून पिळली. फुटी मोडून जास्तीत जास्त सव्वा तास झाला होता. शेंडे लवले होते, पण बुडखे हिरवे होते. कात्री जवळ नव्हती, म्हणून नखाने प्रत्येक पान अर्धं फाडलं, पाणी कमी उडावं म्हणून. शेंडे खुडले. ओल्या ओढणीत दहा-दहाच्या जुड्या गुंडाळल्या. पहारेकरी बाहेर आला आणि बघत उभा राहिला. थोड्या वेळाने आतून एक बादली घेऊन आला आणि माझ्याजवळ ठेवली.

प्राध्यापकबाई सायकलवरून आल्या. रविवारचे कपडे, पण कात्री खिशात होतीच. आमच्या दोघींचं इंग्रजी सारखंच तोकडं, त्यामुळे बोलण्यात आडपडदा ठेवायची सोय नव्हती.

"किती?"

"सदतीस."

"मोजल्या?"

"हो."

"का मोजल्या?"

"सवय आहे."

"आणि मोडल्या का?"

"तीही सवय आहे."

त्या बाकावर बसल्या. मी बांधावरच्या पाहुण्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे पाहुणा येतो आणि न विचारता तुमची वेल छाटतो?"

"विचारलं तर वाईट दिसतं."

"आणि दोरे? तुम्हाला दोरे दिसले नाहीत?"

"मला ते नवसाचे वाटले."

नवस समजावायला वेळ लागला. समजला तेव्हा त्यांनी तो पहारेकऱ्याला इटालियनमध्ये सांगितला. तो भिंतीला धरून हसला आणि काही बोलला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त भाषांतर केलं. "तो म्हणतो, त्याच्या बायकोला सांगितलं तर ती उद्याच जावयासाठी एक बांधून जाईल."

मग मला म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं?"

मी शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

"म्हणजे लिहून घेतलं होतं."

"खाली रेघ मारून."

"मग लिहिण्याचा उपयोग काय?"

बारा वर्षांत माझ्या वह्यांबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

त्यांनी ओढणी उलगडली. एक जुडी उचलली, बुडखे बघितले, अर्धी पानं बघितली, पुन्हा गुंडाळली. म्हणाल्या, "मला या आणखी दोन आठवडे वेलीवर हव्या होत्या. आता या अर्ध्या कच्च्या आहेत. तुम्ही यांना मुळं फोडा. तुमच्या कामाच्या वेळेबाहेर. तीन आठवड्यांनी मी शेरा लिहीन, आणि जे झालं तेच लिहीन. आठ तरी जगायला हव्यात. नाहीतर तुमचं इथलं काम संपलं."

बसमध्ये मांडीवर बादली घेऊन परत आले. चिलीच्या मुलीने दार उघडलं आणि विचारलं, "मग? शहर अनुभवलंस?" मी तिला बाजूला हो म्हटलं.

पुढचे तीन आठवडे मी सकाळी पाचला उठून धुक्याच्या खोलीत जात होते. धुक्याची खोली म्हणजे जिथे बारीक तुषार उडत राहतात आणि कोवळी काडी सुकत नाही. सदतीस काड्या, सदतीस ओळी, रोज दोनदा नोंद. पहिल्या आठवड्यात अकरा काळ्या पडल्या. दुसऱ्यात आणखी चौदा. नोंदींनी एकही काडी जगत नाही हे मला माहीत होतं, पण इतकं ओळीने कधी बघितलं नव्हतं. जावेचा फोन आला की सांगायचे, काम चालू आहे. ती म्हणायची, "पुन्हा गेल्या नाय का शहरात?" मी म्हणायचे, नाही, एकदा पुष्कळ झालं.

एकविसाव्या दिवशी बाईंनी स्वतः काड्या उपसून बघितल्या. मुळं फुटलेल्या नऊ होत्या. त्यांनी नऊही पालथ्या करून, पाण्यात हलवून बघितल्या आणि त्यातल्या एकीचं मूळ कुजलेलं निघालं. आठ उरल्या. बाईंनी शाबासकी दिली नाही, मीही अपेक्षा केली नाही. त्यांनी शेरा लिहिला तो असा: परवानगीशिवाय संरक्षित वेलीच्या सदतीस फुटी मोडल्या, पळून गेल्या नाहीत, आठ जगवल्या, नोंदी उत्तम. शेवटच्या आठवड्यात सगळा वर्ग त्या मठात ती वेल बघायला गेला. मला शाळेत थांबवलं.

अभ्यासक्रम पुरा झाला. पण शेरा प्रतिकूल होता. पहिली ओळ कशीही वाचली तरी प्रतिकूलच होती. विमानात मी तो कागद सहा वेळा वाचला आणि मालकांना सांगायची चार वाक्यं तयार केली.

मालक रोपवाटिकेतच भेटले. ज्या वेलींच्या काड्या आम्ही कलमासाठी घेतो, त्या वेलींच्या ओळीत उभे होते. मी आधी कागद दिला, मग चार वाक्यं बोलले. त्यांनी कागद एका हातात धरून वाचला. वाचता वाचता हसायला लागले.

"ताई, बगलफूट काढली म्हणून शेरा? अहो, हे तर सर्टिफिकेट झालं. भिंतीला लावू. तिकडं जाऊनसुद्धा हात थांबला नाही म्हणजे हाडाच्या द्राक्षवाल्या. विभाग तुमचाच."

ज्या चुकीपायी मी तीन आठवडे झोपले नव्हते, ती इथे कौतुकाची गोष्ट होती. पुढच्या पंधरा दिवसांत ती अर्ध्या तालुक्यात पोहोचणार आणि लोक मला लग्नांत अडवून तो किस्सा सांगायला लावणार, हे मला तिथेच दिसलं. बाईंनी सायकल मारत येऊन, त्या बाकावर बसून, न विचारता छाटण्याबद्दल मला जे विचारलं होतं, ते इथे कोणाला विचारावंसंही वाटलं नसतं.

आणि बोलता बोलता मालकांचा दुसरा हात वेलीत होता. एक फूट मोडली, खाली टाकली. दुसरीकडे अंगठा गेला. त्या वेलीला मी जाण्याआधी बांधलेली माझी खूण होती. तिच्या फुटी वाढवायच्या होत्या.

"भाऊ," मी म्हटलं, "हात काढा."

त्यांना वाटलं थट्टा आहे. "अहो, माझी वेल आहे."

"विभाग माझा आहे. आत्ताच म्हणालात."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मागे उभे होते. त्यांनी आपले हात खिशात घातले, हे मी बघितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मोडलेल्या फुटीकडे बघितलं, आणि हात पँटला पुसला. "बरं," म्हणाले. आवाज खुशीतला नव्हता.

आता आमच्याकडे येणारे पाहुणे ओळीच्या बाहेर उभे राहतात. बऱ्याच जणांना राग येतो. एका सोयऱ्यांनी चहा न घेता निघून जाऊन तो दाखवला. दीर म्हणतात, वहिनी तिकडून मडमीण होऊन आल्या. मी ऐकून घेते आणि मालकांनी मोडलेल्या त्या फुटीची नोंद केलेली ओळ उघडते. तिच्यापुढे मी लिहिलं आहे: लावली, मेली.